हॅशच्या अलीकडे, हॅशच्या पलीकडे

सिस्कोच्या राउटरला निळी चपटी कन्सोल केबल लावून एंटर दाबलं, की पडद्यावर राउटरचं नाव उमटतं आणि त्यापुढे > हे चिन्ह. इथे माणसाला पाहता येतं, हात लावता येत नाही. राउटर किती दिवसांपासून चालू आहे, त्यात कोणत्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर आहे, पलीकडच्या यंत्रापर्यंत पिंग पोचतोय का, एवढंच. मग ‘एनेबल’ टाइप करायचं, पासवर्ड द्यायचा. > जातं आणि #, म्हणजे हॅश, येतं. त्या क्षणापासून तोच माणूस राउटरचं सगळं कॉन्फिगरेशन वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो, राउटर रीस्टार्टही करू शकतो. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटलं की # च्या आधी कंसात ‘कॉन्फिग’ दिसायला लागतं. एखाद्या पोर्टमध्ये शिरलं की कंसातला मजकूर आणखी बदलतो. आपण आत्ता कुठल्या पायरीवर उभे आहोत, हे प्रॉम्प्ट सतत सांगत राहतो.

पुण्या-मुंबईतल्या सीसीएनएच्या, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या, क्लासांत या पायऱ्या सुरुवातीलाच शिकवतात आणि मुलं त्या पाठ करतात. त्या कुणी घातल्या आणि कशासाठी, हा विषय तिथे सहसा निघत नाही. तो निघायला हवा. कारण ही कल्पना सिस्कोहून जुनी आहे, राउटर या वस्तूहूनही जुनी आहे, आणि तिचा मूळ हेतू कळल्याशिवाय पुढच्या काळात नेटवर्कच्या जगात काय काय बिघडलं ते नीट उलगडत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाची कंपनी होती. सगळे तिला बीबीएन म्हणत. १९६९ मध्ये आर्पानेटची निरोप्या यंत्रं, म्हणजे आयएमपी, याच कंपनीने हनीवेलच्या डीडीपी-५१६ या मिनीकॉम्प्युटरवर उभी केली. आजच्या राउटरचे ते पूर्वज. पण प्रॉम्प्टची गोष्ट तिथून सुरू होत नाही. ती सुरू होते त्याच कंपनीतल्या दुसऱ्या एका गटाकडून, ज्याने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या, म्हणजे डेकच्या, पीडीपी-१० या मोठ्या संगणकासाठी टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. डॅनियल बॉब्रो, जेरी बर्चफिल, डॅन मर्फी आणि रे टॉमलिन्सन यांनी १९७२ मध्ये तिच्यावर शोधनिबंध छापला. यातला टॉमलिन्सन म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ आणणारा माणूस.

टेनेक्स ही टाइम-शेअरिंगची सिस्टिम होती. एका यंत्रावर डझनावारी लोक एकाच वेळी काम करत. त्यातल्या काहींना विशेष अधिकार असत: कुणाच्याही फाइलला हात लावणं, यंत्र बंद करणं, नवे वापरकर्ते घालणं. अधिकार असलेला माणूस रोजची साधी कामंही त्याच टर्मिनलवर करणार. पत्र लिहिता लिहिता, फाइली आवरता आवरता एक चुकीची आज्ञा गेली, तर नुकसान सगळ्यांचं. म्हणून टेनेक्सने प्रत्येक प्रोसेससाठी अधिकारांच्या दोन नोंदी ठेवल्या. एकीत त्याला मिळू शकणारे अधिकार, दुसरीत आत्ता चालू असलेले. लॉगिन केल्यावर मोठ्या अधिकाराचा माणूसही साध्या माणसासारखाच सुरुवात करी. अधिकार हवे असतील तर ‘एनेबल’ म्हणायचं, काम झालं की ‘डिसेबल’.

या रचनेत चोराचा विचार जवळजवळ नाही. विचार आहे तो आपल्याच माणसाचा, त्याच्या थकलेल्या बोटांचा, घाईचा. अधिकार वापरण्यापूर्वी त्याने एक क्षण थांबावं आणि ‘आता मी ते वापरतोय’ असं स्वतःशी कबूल करावं, एवढीच अपेक्षा.

टेनेक्सची कुलपं किती लेचीपेची होती याची एक गोष्ट सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकांत अजून सांगितली जाते. पासवर्ड तपासणारा कोड एकेक अक्षर ताडून पाही आणि पहिलं चुकीचं अक्षर लागताच थांबे. हल्लेखोर आपला अंदाज मेमरीत असा मांडी, की पहिलं अक्षर एका पानाच्या शेवटच्या जागी आणि पुढचं अक्षर अशा पानावर, जे मेमरीत हजरच नाही. अक्षर चुकलं तर लगेच नकार येई. बरोबर असलं तर सिस्टिम पुढचं पान मागायला जाई, आणि ते मागणं हल्लेखोराला दिसे. एकेक अक्षर असं सुटत गेलं की आठ अक्षरी पासवर्डला जास्तीत जास्त हजारेक प्रयत्न पुरत. ज्या घरात ‘एनेबल’ जन्मलं त्याच घरातली ही गोष्ट आहे. त्या काळच्या संगणकवाल्यांना आपसातला विश्वास गृहीतच होता.

डेकने टेनेक्स विकत घेऊन त्यातून टॉप्स-२० घडवली. १९७६ मध्ये ती बाजारात आली आणि डॅन मर्फीही तोवर डेकमध्ये गेला होता. टॉप्स-२० ची आज्ञा घेणारी प्रणाली आजही हेवा वाटावा अशी. आज्ञेची पहिली काही अक्षरं पुरत. एस्केप दाबलं की उरलेला शब्द ती स्वतः भरी. कुठेही अडलं की प्रश्नचिन्ह टाइप करायचं, इथून पुढे काय काय लिहिता येईल त्याची यादी समोर येई. नेहमीचा प्रॉम्प्ट @ असे, एनेबल केल्यावर तो $ होई. आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रामचं नाव एक्झेक. ज्याने सिस्कोच्या राउटरवर काम केलंय, त्याला हे वर्णन वाचताना आपल्याच रोजच्या पडद्याचं वाटेल. संक्षेप, प्रश्नचिन्ह, एनेबल, डिसेबल, अगदी एक्झेक हे नावसुद्धा तिथेच आहे.

हे सगळं राउटरमध्ये आलं स्टॅनफर्डमधून.

१९८० च्या आसपास स्टॅनफर्ड विद्यापीठात डेकची मोठी यंत्रं ठिकठिकाणी होती: कॉम्प्युटर सायन्समध्ये, बिझनेस स्कूलमध्ये, विद्यार्थ्यांच्या लॉट्स या केंद्रात, आणि मेडिकल स्कूलच्या सुमेक्स प्रकल्पात. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेने ईथरनेटचं साहित्य दिलं आणि प्रत्येक विभागाने आपापल्या इमारतीत केबल ओढली. इमारती एकमेकींना जोडायच्या कशा? मेडिकल स्कूलमधल्या विल्यम येगर यांनी पीडीपी-११/०५ या लहान यंत्रावर त्यासाठी प्रोग्राम लिहिला. पुढे अँडी बेक्टोल्शाइम यांनी मोटोरोला ६८००० चा सन नावाचा बोर्ड रचला आणि येगर यांचा कोड त्यावर गेला. त्या खोक्याला विद्यापीठात ‘ब्लू बॉक्स’ म्हणत. लेन बोसॅक कॉम्प्युटर सायन्सचे संगणक सांभाळत, सँडी लर्नर बिझनेस स्कूलचे. दोघं नवरा-बायको. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी सिस्को सिस्टिम्स स्थापन केली. लवकरच कर्क लोहीड त्यांना येऊन मिळाला, आणि १९८६ मध्ये विद्यापीठातल्या नोकऱ्या सुटल्या.

नोकऱ्या सुटण्यामागे वाद होता. ब्लू बॉक्सचा कोड आणि बोर्डांची रचना विद्यापीठाच्या मालकीची आणि कंपनी तेच विकायला निघालेली. अखेर १९८७ मध्ये स्टॅनफर्डने परवाना दिला: १९,३०० डॉलर रोख आणि दीड लाख डॉलर रॉयल्टी. येगर यांच्या वाट्याला या गोष्टीतलं श्रेय बराच काळ फार कमी आलं, हे इथे नोंदवलंच पाहिजे. सिस्कोच्या जाहीर इतिहासात नवरा-बायकोची गोष्ट गाजली. मेडिकल स्कूलमध्ये बसून आधी काही वर्षं तो कोड लिहिणारा माणूस मागे राहिला.

नव्या कंपनीतली ही माणसं टॉप्स-२० वर वाढलेली होती. राउटरला आज्ञा घेणारा प्रोग्राम हवा झाला तेव्हा त्यांच्या बोटांत बसलेली रीतच त्यांनी उचलली. गंमत म्हणजे ज्या यंत्रांवरून ती आली त्यांचं आयुष्य तोवर संपत आलं होतं. डेकने १९८३ मध्येच त्या घराण्यातलं पुढचं यंत्र, ज्युपिटर, रद्द केलं होतं. यंत्रं गेली, पण त्यांची बोलण्याची पद्धत एका लहान खोक्यात शिरून जगभर गेली. सिस्कोच्या राउटरवर ‘शो व्हर्जन’ म्हटलं की कॉपीराइटच्या ओळीत १९८६ हे साल पुढे कित्येक दशकं दिसत राहिलं.

लोहीडचं नाव आणखी एका कारणाने इतिहासात आहे. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन इथे इंटरनेटच्या अभियंत्यांची बैठक भरली असताना त्याने आणि आयबीएमच्या याकोव रेख्तर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर एका प्रोटोकॉलचा आराखडा काढला. तो बीजीपी. एका कंपनीच्या नेटवर्कने दुसऱ्याला ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ असं सांगायची इंटरनेटची रीत आजही तीच आहे, आणि या लेखाच्या शेवटाकडे ती पुन्हा लागेल.

सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे विद्यापीठं आणि प्रयोगशाळा. राउटर सांभाळणारे दोन-चार जण, एकमेकांना ओळखणारे. त्यांना एक पासवर्ड आत यायला आणि एक एनेबलला, एवढं पुरत होतं. फेब्रुवारी १९९० मध्ये सिस्को शेअर बाजारात गेली तोवर बँका, टेलिफोन कंपन्या, सरकारी खाती रांगेत उभी होती. त्यांच्याकडे रात्रपाळीचे ऑपरेटर होते, बाहेरचे कंत्राटदार होते, प्रशिक्षणार्थी होते. पिंग करायला मिळावं पण राउटर रीलोड करता येऊ नये अशी माणसं होती. त्यांना > कमी पडे आणि # फार होई.

सिस्कोने यावर ० ते १५ असे सोळा स्तर दिले. पहिला म्हणजे > आणि पंधरावा म्हणजे #. शून्यावर जेमतेम पाच आज्ञा: एनेबल, डिसेबल, एक्झिट, हेल्प, लॉगआउट. मधल्या तेरा पायऱ्यांवर कुठली आज्ञा ठेवायची ते ज्याने त्याने ठरवायचं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात एकेका राउटरवर आज्ञा हाताने उचलून वेगळ्या पायरीवर ठेवायच्या, शंभर राउटर असतील तर शंभरदा. शिवाय खालच्या स्तरावर ‘शो रनिंग-कॉन्फिग’ दिली, तर माणसाला तेवढाच भाग दिसे जेवढा बदलायचा त्याला अधिकार आहे. वाचायला म्हणून दिलेली आज्ञा जवळपास कोरं पान दाखवी. बहुतेक नेटवर्कांत १ आणि १५ हेच दोन स्तर वापरात राहिले. मधले बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतच उरले.

खरा उपाय राउटरच्या बाहेर निघाला, आणि तोही बीबीएनमधूनच. अमेरिकी लष्कराच्या मिलनेटवर फोनने आत येणाऱ्यांसाठी टॅक नावाची यंत्रं होती. कोण आत येतोय ते मध्यवर्ती ठिकाणी विचारायची व्यवस्था बीबीएनने १९८४ मध्ये केली, तिचं नाव टॅकॅक्स. सिस्कोने ती उचलली आणि १९९३ मध्ये नव्याने लिहून टॅकॅक्स प्लस केली. आता राउटर प्रत्येक आज्ञेच्या वेळी सर्व्हरला विचारू शकत होता: हा माणूस, ही आज्ञा, चालेल का? आणि कुणी कधी काय टाइप केलं याची नोंद राहत होती. एनेबलचा पासवर्ड सगळ्यांचा एकच असे. # पाशी कोण बसलं होतं, हे त्यातून कधी कळत नसे. टॅकॅक्स प्लसने त्या चिन्हामागे माणसाचं नाव आणलं.

तरी राउटरमध्ये पासवर्ड ठेवावे लागतच. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ ही आज्ञा दिली की कॉन्फिगमध्ये ते उघडे न दिसता ७ या आकड्यापुढे आकडे-अक्षरांच्या जोड्यांत दिसतात. ती पद्धत शतकांपूर्वीच्या विझनेअर सांकेतिक लिपीच्या जातीची. गुप्त किल्ली जगातल्या सगळ्या राउटरांत एकच आणि सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेली. पहिले दोन आकडे ती किल्ली कुठल्या अक्षरापासून वापरायची ते सांगतात. म्हणजे कुलूप लावून किल्ली शेजारच्या खिळ्याला अडकवण्यातला प्रकार. नव्वदच्या दशकाच्या मध्यात कुणीतरी ते उलगडणारा प्रोग्राम जाहीर केला. सिस्कोने स्पष्ट केलं, की ही सोय मागे उभं राहून पडदा वाचणाऱ्याच्या नजरेपुरतीच होती, जिद्दीच्या हल्ल्यासाठी नव्हतीच. स्पष्टीकरण खरं होतं. पण तोवर हजारो संस्था त्या ७ वर विसंबल्या होत्या. एनेबलसाठी ‘सिक्रेट’ ही वेगळी, एमडी५ वर बेतलेली पद्धत आली ती बरीच भक्कम निघाली. पुढे तिच्याही जागी ४ क्रमांकाची नवी पद्धत आणायला गेले, आणि मार्च २०१३ मध्ये उघड झालं की ठरलेली सुरक्षेची पावलं कोडमध्ये घातलीच गेली नव्हती. नवी पद्धत जुन्याहून कच्ची होती.

दरवाजाच नसेल तर कुलपाचा प्रश्न येत नाही, हे त्याआधीच २००५ मध्ये दिसलं होतं. २७ जुलैला लास व्हेगासमधल्या ब्लॅक हॅट परिषदेत मायकेल लिन हा संशोधक सिस्कोच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषातून राउटरचा ताबा कसा मिळतो ते दाखवणार होता. परिषदेच्या छापील पुस्तकातली त्याची पानं आदल्या दिवसांत अक्षरशः फाडून काढण्यात आली. त्याच्या कंपनीने भाषण मागे घेतलं. लिनने त्या दिवशी नोकरीचा राजीनामा दिला, व्यासपीठावर गेला आणि तेच भाषण दिलं. सिस्कोने त्याला कोर्टात खेचलं, मग तडजोड झाली. > आणि # ही भिंत आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रामने उभी केलेली होती. त्या प्रोग्रामला वळसा घातला, की ती भिंत उरतच नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. सिस्कोच्या आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरच्या वेब पानातल्या दोषामुळे बाहेरचा कुणीही पासवर्डशिवाय नवं खातं उघडू शकत होता, तेही थेट पंधराव्या स्तराचं. तीव्रतेच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले आणि जगभरातल्या हजारो उपकरणांवर अशी परकी खाती सापडली.

चोरांची बाजू ही अशी. पण # ची सगळ्यात विलक्षण गोष्ट एका प्रामाणिक, हुशार आणि हट्टी कर्मचाऱ्याची आहे.

टेरी चाइल्ड्स सॅन फ्रान्सिस्को महापालिकेत नेटवर्क इंजिनिअर होता. शहराच्या खात्यांना जोडणारं फायबरवॅन नावाचं नेटवर्क मुख्यतः त्याने उभं केलं होतं. पोलीस, पगार, नोंदी, सगळी वाहतूक त्यावरून. काळाच्या ओघात त्या नेटवर्कच्या मुख्य राउटरांचे अधिकार एकट्या त्याच्याकडे उरले. बाकीच्यांना नेटवर्क कळत नाही, त्यांच्या हातात # गेलं तर ते मोडेल, अशी त्याची ठाम समजूत होती. ९ जुलै २००८ रोजी वरिष्ठांनी त्याला बोलावलं आणि पासवर्ड मागितले. खोलीत पोलीस होते, स्पीकरफोनवर आणखी लोक. त्याने दिलेले पासवर्ड चालले नाहीत. त्याच आठवड्याच्या शेवटी त्याला अटक झाली आणि जामिनाची रक्कम ठरली पन्नास लाख डॉलर.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी. सिस्कोच्या राउटरचा पासवर्ड हरवला तर एरवी मार्ग असतो. समोर जाऊन राउटर बंद करून चालू करायचा, पहिल्या मिनिटात कीबोर्डवरून ब्रेक द्यायचा, आणि रजिस्टरमधला २१०२ हा आकडा बदलून २१४२ करायचा. मग राउटर साठवलेलं कॉन्फिगरेशन न वाचताच उठतो. पासवर्ड विचारला जात नाही, एनेबल म्हटलं की # हजर. त्यानंतर जुनं कॉन्फिगरेशन मेमरीत आणायचं, नवा पासवर्ड घालायचा आणि आकडा होता तसा करायचा. ज्याचा हात यंत्रापर्यंत पोचतो तो मालक, असं गृहीत धरून ठेवलेली ही वाट. चाइल्ड्सने काही उपकरणांवर ती बंद केली होती. तिथे जबरदस्ती केली तर कॉन्फिगरेशनच पुसलं जाणार होतं, आणि त्याची प्रत पालिकेच्या हाताशी नव्हती. राउटर पालिकेच्या इमारतींत, पालिकेच्या विजेवर चालत होते, आणि पालिकेला त्यांत शिरता येत नव्हतं.

त्या सगळ्या दिवसांत नेटवर्क मात्र एकदाही कोसळलं नाही. # पाशी कुणीच नसताना राउटर आपलं काम करत राहिले.

२१ जुलैला महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन त्याला भेटले आणि त्याने पासवर्ड त्यांच्या हाती दिले. शहराच्या नेटवर्कचा खरा अधिकारी महापौरच, असं त्याचं म्हणणं. खटल्यात ज्युरींपैकी एक जण योगायोगाने सिस्कोचं सीसीआयई हे सर्वोच्च प्रमाणपत्र मिळवलेला इंजिनिअर होता. त्याला कुणी तंत्र समजावून सांगायची गरज नव्हती. एप्रिल २०१० मध्ये चाइल्ड्स दोषी ठरला, ऑगस्टमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे सुमारे पंधरा लाख डॉलरची भरपाईही त्याच्यावर लादली गेली आणि २०१३ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. शिक्षा कडक होती, असं त्या क्षेत्रातल्या अनेकांना वाटलं. पण दोष एकट्या त्याचा नव्हता. वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे पंधरावा स्तर राहू देणाऱ्या वरिष्ठांना त्या स्तराचा अर्थ कधी कळलाच नाही, आणि त्यांच्यावर खटला चालला नाही.

चूक टाळण्याचा मूळ प्रश्न दरम्यान दुसऱ्या एका कंपनीने वेगळ्या बाजूने हाताळला होता. सिस्कोच्या राउटरवर # पाशी लिहिलेली ओळ एंटर दाबताच लागू होते. एक नेहमीचं उदाहरण: ट्रंक पोर्टवरून जाणाऱ्या व्हीलॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या आभासी विभागांच्या, यादीत २० नंबर वाढवायचा आहे. ओळीत ‘अॅड’ हा एक शब्द लिहायचा राहिला, तर यादीत २० वाढत नाही, आधीची सगळी यादी जाऊन एकटा २० उरतो. त्या केबलवरचे बाकीचे सगळे विभाग त्याच क्षणी तुटतात, कधी कधी टाइप करणाऱ्याचं स्वतःचं कनेक्शनही. म्हणून जाणते इंजिनिअर दूरच्या राउटरवर काम सुरू करण्याआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतात. दहा मिनिटांत आपण ते रद्द केलं नाही, म्हणजे आपला संपर्क तुटलाय, तर राउटर स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या साठवलेल्या कॉन्फिगरेशनवर परत जातो.

प्रदीप सिंधू यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या ज्युनिपरने हीच युक्ती मुळातच घालून घेतली. १९९८ मध्ये आलेल्या एम४० राउटरच्या जुनॉस या सॉफ्टवेअरमध्येही > आणि # आहेत, पण # पाशी केलेले बदल आधी एका कच्च्या प्रतीत जातात. ‘कमिट’ म्हटल्यावरच ते लागू होतात. ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटलं आणि दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही, तर राउटर आपोआप मागे फिरतो. मागच्या पन्नास आवृत्त्यांपैकी कुठल्याहीवर परत जाता येतं. टेनेक्सने थांबा दारात ठेवला होता, ज्युनिपरने तो प्रत्येक बदलापाशी आणला. दोन्ही घरांच्या राउटरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, रात्रीच्या तीनच्या कामाला तो कुठला निवडेल.

मोठ्या कंपन्यांत मात्र आता माणूस राउटरवर बसून टाइप करतोच असं नाही. आज्ञा प्रोग्राम देतात, एकाच वेळी हजारो उपकरणांना. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते, व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले. फेसबुकच्या पायाभूत यंत्रणेचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी नंतर जाहीरपणे कारण सांगितलं. देखभालीच्या कामात जागतिक बॅकबोनची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. तिने सगळ्या डेटा सेंटरांमधल्या जोडण्याच तोडल्या. अशा आज्ञा आधी तपासून अडवणारं साधन कंपनीकडे होतं, पण त्या साधनातच दोष होता आणि त्याने ती अडवली नाही. डेटा सेंटरांशी संपर्क तुटल्याचं पाहून कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी, ठरवून दिल्याप्रमाणे, आपले बीजीपी पत्ते जगाकडून मागे घेतले. त्या नॅपकिनांवरचा प्रोटोकॉल सांगितलेलं काम चोख करत होता. जगाच्या दृष्टीने फेसबुक नकाशावरून पुसलं गेलं.

इंजिनिअरांना नेहमीच्या वाटेने राउटरपर्यंत जाता येईना. आणीबाणीसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही बंद होतं. शेवटी माणसं डेटा सेंटरांत पाठवावी लागली. तिथे आत शिरायला वेळ लागला, आणि आत गेल्यावर आणखी, कारण तिथली यंत्रं आणि राउटर अशा तऱ्हेने बंदिस्त केलेले होते, की समोर उभं राहूनही कुणाला सहज बदल करता येऊ नये. सगळं पूर्ववत व्हायला सहा तासांहून जास्त लागले. जनार्दन यांनी लिहिलं, की हल्लेखोरांपासूनच्या या बंदोबस्तामुळेच दुरुस्ती मंदावली, पण रोजच्या सुरक्षेसाठी अशा एखाद्या दिवसाची संथ दुरुस्ती सोसायला आपण तयार आहोत, आणि यापुढे बॅकबोन गेल्याचं गृहीत धरूनही सराव करत राहू.